शब्दाला जागणारा सरदार बंडखोरांचा मुकुट घेईल का?

तुझा प्रश्न वाचला, आणि आधी तो माझ्या शब्दांत मांडते म्हणजे माझ्या समजण्यात काही फरक असेल तर तुला लगेच दिसेल. तुझ्या फँटसी कादंबरीतला सोमराय हा उत्तरेकडच्या घाटांचा अधिपती, दिलेला शब्द पाळणारा म्हणून अख्ख्या राज्यात नाव असलेला. म्हाताऱ्या राजासमोर त्याने तलवारीवर हात ठेवून शपथ घेतलेली की या गादीशी इमान राखीन. तो राजा गेला, मुलगा गादीवर आला, आणि त्या मुलाने सोमरायच्या थोरल्या भावाला अभयाचा कौल देऊन दरबारात बोलावलं आणि तिथेच मारलं. आता बाकीचे सरदार बंड करून उठलेत आणि मुकुट घेऊन सोमरायच्या दारात उभे आहेत. तुझ्या वाचणाऱ्या मित्रांपैकी निम्मे म्हणतात तो घेणारच नाही, घेतला तर कॅरेक्टर तुटलं, आणि निम्मे म्हणतात नाही घेतला तर पुस्तक तिथेच संपलं. आणि तू विचारतोस की खरोखरचा इमानी माणूस अशा वेळी काय करेल.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहते आणि आमच्याकडच्या जत्रांत, गावच्या उत्सवांत जी मराठी ऐतिहासिक-पौराणिक नाटकं होतात ती लिहिणं आणि बसवणं हेच माझं काम, म्हणजे राजे, सरदार, शपथा, गादीवरून पेटलेली भांडणं यातच माझी वर्षं गेली. आमचा प्रेक्षक देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत बघतो, त्याला पडदा फाटका असला तरी चालतो, तलवार वाकलेली असली तरी चालते, पण एखाद्या इमानी माणसाने भलत्याच कारणासाठी बाजू बदलली की मांडवात कुजबुज सुरू होते आणि मग शेवटपर्यंत नाटक हातात येत नाही. म्हणून तुझ्या पहिल्या निम्म्या मित्रांची भीती मला शंभर टक्के पटते. त्यांचा निष्कर्ष मात्र पटत नाही.

माझं मत सरळ सांगते. सोमरायने मुकुट घ्यावा. पण पहिल्यांदा पुढे केला तेव्हा नाही, आणि भावाच्या खुनाचा सूड म्हणून तर कधीच नाही. त्याच्या नकाराची किंमत दुसऱ्या कुणाला तरी आपल्या जिवाने मोजावी लागणार हे ज्या दिवशी त्याला स्वच्छ दिसेल, त्या दिवशी घ्यावा. आता यातलं बरंच काही तू तुझं जग कसं रचलंयस त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे एकेक करून बघू.

पहिली गोष्ट, शपथ नक्की कुणाशी होती? तुझ्या मित्रांच्या वादात मला हे दिसतं की ते इमान म्हणजे एक स्वभाव धरून चाललेत, कोण शांत असतो, कोण तापट असतो, तसा हा इमानी. पण इमान कुणाशी तरी असतं रे. सोमरायने शब्द दिला तो म्हाताऱ्या राजाला, का त्याच्या घराण्याला, का गादीला, का त्या गादीखाली राहणाऱ्या मुलखाला? राजा जिवंत होता तोवर हे चारही एकच होते म्हणून कुणाला प्रश्न पडला नाही, आता ते चार बाजूंना गेलेत. भीष्माचं बघ. त्याची गादी न घेण्याची प्रतिज्ञा कुणासाठी होती, तर सत्यवतीच्या पोटच्या मुलांसाठी, तिच्या बापाने अट घातली म्हणून. पुढे तिचे दोन्ही मुलगे निपुत्रिक गेले आणि खुद्द सत्यवतीच त्याला म्हणाली की आता तूच राज्य सांभाळ, वंश चालव. म्हणजे जिच्यासाठी शब्द दिला तीच तो सोडवायला तयार होती, तरी हा हलला नाही. पुढे त्या घराण्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. भीष्माला मी कमी लेखत नाही, त्याच्याएवढा उंच माणूस रंगमंचावर दुसरा नाही, पण मला वाटतं त्या क्षणानंतर तो सत्यवतीशी इमान राखत नव्हता, आपल्या प्रतिज्ञेशी राखत होता. सोमरायपुढेही हाच खड्डा आहे, आणि तो नकार देत असेल तर तो कुणासाठी देतोय हे आधी तुला माहीत हवं, आणि पुस्तकात कुणीतरी त्याला ते तोंडावर विचारायला हवं.

दुसरी गोष्ट, राजाने कौल मोडला. हे तू फार पटकन उरकलंयस असं तुझ्या सारांशावरून वाटतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा दारूगोळा तिथेच आहे. खून राजे करतात, पण अभय देऊन बोलावलेल्या माणसाला मारणं म्हणजे राजाने स्वतःची शपथ मोडणं. आपल्या इकडच्या जुन्या व्यवहारात सरदाराची निष्ठा ही कधीच एका बाजूची नव्हती, वरून वतन आणि संरक्षण, खालून चाकरी आणि इमान. 1659 मध्ये अफजलखान आला तेव्हा आदिलशहाचं फर्मान मावळातल्या देशमुखांना सुटलं की खानाला येऊन मिळा, आणि काहीजण मिळालेही. कान्होजी जेधे मात्र आपल्या पाच मुलांना घेऊन थेट शिवाजी महाराजांकडे गेले, आणि वतन जाईल त्याचं काय असा विषय निघाल्यावर हातावर पाणी घेऊन त्यांनी वतनावर सोडलं. यात मला काय महत्त्वाचं वाटतं सांगू? एका धन्याचं ऐकायचं नाही असं ठरवल्यावर त्या धन्याकडून मिळणारी वस्तू त्यांनी हातातून सोडली. फर्मान नाकारायचं आणि त्याच फर्मानवाल्याची जहागीरही खात बसायचं असं केलं नाही. सोमरायने मुकुटाचा विचार करण्याआधी राजाचं दिलेलं काहीतरी जाहीरपणे परत केलंय असा एक प्रसंग घाल, किल्ला, शिक्का, तलवार, काहीही. आधी शपथेतून बाहेर पडू दे, सगळ्यांच्या समोर, आणि मग पुढचं. हा क्रम उलटा झाला तर तो फितूर दिसतो, कितीही चांगली वाक्यं लिहिलीस तरी.

आता नकाराबद्दल, कारण पहिल्यांदा तो नकार देणार हे मी धरून चाललेय. नकाराचा सीन लिहिणं होकारापेक्षा अवघड असतं आणि लोक तो फार स्वस्तात लिहितात. कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा थोरला, चल, पाचही भाऊ तुझ्या पायाशी येतील, गादी तुझी, आणि कर्ण नको म्हणतो. नको म्हणण्याची कारणं तो नीट सांगतो, अधिरथ आणि राधेने मला वाढवलं, दुर्योधन माझ्या जिवावर युद्धाला उभा राहिलाय. पण खरी मेख पुढे आहे. तो कृष्णाला म्हणतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळलं तर तो राज्य मला देऊन टाकेल आणि मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे या माणसाला आपण काय सोडतोय, कुणाची बाजू धर्माची आहे, शेवट काय होणार, सगळं कळलंय, आणि तरी तो नाही म्हणतोय. असा नकार माणूस विसरत नाही.

हा प्रवेश आम्ही बसवत होतो तेव्हा मी त्यात एक मुकुट ठेवला होता, कृष्ण तो ताटातून पुढे करतो असं. कर्णाचं काम करणारा मुलगा चांगला होता, आवाज चांगला, पाठांतर चोख, पण ताट पुढे आलं की दोन्ही हातांनी ते दूर सारायचा, एकदम, जसं काही त्यात साप आहे. तालमीत बसलेल्या आमच्याच बायका म्हणाल्या की हा काही खरा वाटत नाही. मग मी त्याला सांगितलं की मुकुट उचल, हातात धर, उलटा करून आत बघ. मुकुट ड्रेपरीवाल्याकडचा, भाड्याचा, बाहेरून खडे आणि बेगड, आणि आतल्या बाजूला कपाळाला टोचू नये म्हणून शिवलेली कापडाची पट्टी, ती पट्टी आधीच्या कितीतरी नटांच्या घामाने आणि रंगाने काळपट झालेली. तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला, अंगठा तिच्यावरून फिरवला, आणि मग मुकुट परत ताटात ठेवला, अगदी हळू, आवाज होणार नाही असा. तिथेच ती वाक्यं बोलायला लावली. प्रयोगात त्या जागी मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सोमरायला मुकुट ढकलायला लावू नकोस. त्याला तो हवासा वाटू दे, आपण भावापेक्षाही बरा राज्यकारभार करू हे त्याला मनात माहीत असू दे. ज्याला काही नकोच आहे त्याच्या नकारात वाचकाला काय मिळणार?

तिसरी गोष्ट थोडक्यात. बंडात उतरणं आणि मुकुट घालणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि तुझ्या मित्रांनी ते एकात गुंडाळलेत. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातच बघ ना, 1852 मध्ये दीपाजी राणेंनी नाणूसचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सरकारला काही वर्षं डोंगरात झुंजवलं, आणि 1855 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. भांडण पिढीजात हक्कांचं होतं, मान राखण्याचं होतं. सोमरायही आधी मागण्या घेऊन उभा राहू शकतो, भावाच्या मारेकऱ्यांना शिक्षा, कौल पुन्हा मोडणार नाही याची हमी, घाटांचे जुने हक्क. गादी तुझीच राहू दे पण हे कर, असं. इमानी माणसासाठी हा सगळ्यात नैसर्गिक मधला टप्पा आहे, आणि राजा ते धुडकावतो तेव्हा वाचक सोमरायच्या आधी मुकुटापर्यंत पोचलेला असतो.

आता असं खरंच कुणी केलंय का, म्हणजे मुकुट नको नको म्हणत शेवटी घेतला आणि तरी लोकांनी मानलं? आहे, आणि आपल्या गोव्याशी जोडलेलंच उदाहरण आहे, फक्त आपण शाळेत पोर्तुगालचा इतिहास आपल्या बाजूनेच शिकतो, त्यामुळे ते नजरेआड राहतं. 1580 पासून साठ वर्षं पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचं राज्य होतं. ब्रागांझा घराण्याचा ड्यूक जुआंव हा देशातला सगळ्यात मोठा सरदार, त्याच्या आजीचा, कातारीनाचा, गादीवर हक्क होता पण 1580 मध्ये डावलला गेला. म्हणजे असंतुष्ट लोकांचं लक्ष कायम याच्याकडे. 1637 मध्ये एव्होरा शहरात करांवरून उठाव झाला, लोक याच्याकडे आशेने बघायला लागले, हा आपल्या व्हिला व्हिसोझाच्या वाड्यात गप्प. त्याला संगीताचं वेड होतं, शिकारीचं होतं, आणि स्पेनच्या राजाचा तो कागदोपत्री निष्ठावंत सरदारच होता. मग 1640 मध्ये स्पेनमध्ये कातालोनिया पेटला आणि माद्रिदहून हुकूम सुटला की पोर्तुगीज सरदारांनी तिथे लढायला यावं, ड्यूकनेही यावं. तोवर गप्प राहणं ही एक बाजू होती, त्या हुकुमाने ती बाजूच काढून घेतली. गेला तर आपली माणसं दुसऱ्याचं बंड चिरडायला नेणार, नाही गेला तर राजद्रोही. बंडवाले सरदार पुन्हा दारात आले. बायको लुईझा, जी स्वतः स्पेनमधल्या मोठ्या घराण्यातली, तिने त्याला होकाराकडे ढकललं असं सांगतात. 1 डिसेंबर 1640 ला लिस्बनमध्ये सरदार राजवाड्यात घुसले, वास्कोन्सेलुश नावाच्या मंत्र्याला मारून खिडकीतून खाली टाकलं, आणि ड्यूक चौथा जुआंव म्हणून राजा झाला. पुढच्या वर्षी बातमी जहाजाने गोव्यात पोचली आणि इथेही त्याच्या नावाने घोषणा झाली.

लेखक म्हणून या गोष्टीत तुझ्यासाठी तीन-चार सोन्याच्या खाणी आहेत. एक म्हणजे बंडवाल्यांनी त्याला नवा राजा हो असं सांगितलंच नाही, तुझ्या आजीचं होतं ते परत घे असं सांगितलं. इमानी माणसाला पाऊल टाकायला अशी एक फळी लागते. दुसरं, किंमत त्याने एकट्याने नाही मोजली. त्याचा भाऊ दुआर्त परदेशात पवित्र रोमन सम्राटाच्या फौजेत नोकरीला होता, त्याला पकडून मिलानच्या किल्ल्यात टाकलं आणि तो 1649 मध्ये तिथेच मेला. भावाने मुकुट घेतला म्हणून. तुझ्या कथेत भाऊ आधीच मेलाय, पण सोमरायचं कुणीतरी राजधानीत अडकलेलं असलंच पाहिजे, मुलगी, मेहुणा, जुना मित्र, कुणीही, आणि मुकुट घेताना त्याला ते माहीत असायला हवं. तिसरं, युद्ध लांबलं, स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं ते 1668 मध्ये, आणि हा राजा त्याआधीच 1656 मध्ये गेला. आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त आवडतं, 1646 मध्ये त्याने आपला मुकुट व्हिला व्हिसोझाच्या चर्चमधल्या कन्सेप्शन सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, अर्पण केला, तीच पोर्तुगालची खरी राणी असं जाहीर केलं, आणि त्यानंतर पोर्तुगालच्या कुठल्याच राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. राज्य केलं, पण मुकुट घातला नाही. यात राजकारणही होतंच, देवीच्या नावावर राज्य केलं की प्रजा बांधली जाते हे त्याला कळत असणार. तरी बघ, मुकुट घेणं आणि मुकुट घालणं यांच्यातही इतकी जागा असते.

म्हणून सोमरायने होकार दिला तर तो कसा देतो यावर तुझं कॅरेक्टर टिकेल. त्याने अटी घालाव्यात, आणि त्या स्वतःला बांधणाऱ्या असाव्यात, बंडवाल्यांना खूश करणाऱ्या नाही. लूट होणार नाही, राजाच्या लहान मुलांना हात लागणार नाही, कौल दिलेल्या माणसाचा केस वाकडा होणार नाही. आणि मग युद्धात यातली एक अट पाळणं त्याला फार महाग पडेल असं काहीतरी घडव. दुसरं एक लक्षात ठेव, लोक त्याला कधीच पूर्ण माफ करणार नाहीत. विभीषण रामाच्या बाजूने गेला, समुद्राच्या पाण्याने त्याला लंकेचा राजा म्हणून अभिषेक झाला, आणि तोही युद्धाच्या आधी, रावण जिवंत असताना. बाजू न्यायाची, अभिषेक करवणारा साक्षात राम, तरी आपल्याकडे घरभेदी म्हटलं की कुणाचं नाव येतं? आमच्या नाटकात विभीषणाचं काम करायला नट सहसा स्वतःहून तयार होत नाही, रावण सगळ्यांना हवा असतो. सोमरायच्या गावातही कुणीतरी म्हातारं माणूस असू दे जे त्याला शेवटपर्यंत राजा म्हणत नाही, जुन्याच नावाने हाक मारतं, आणि ते माणूस वाईट नसू दे.

फँटसी आहे म्हणून आणखी एक. तुझ्या जगात शपथ सोडवू शकणारं कुणी आहे का? आपल्याकडे गावात वाद झाला की देवळात प्रसाद लावतात, मूर्तीवरची पाकळी कुठल्या बाजूची पडते त्यावर कौल ठरतो आणि मोठमोठी भांडणं तिथे मिटतात. तुझ्या जगात असं देऊळ किंवा पुजारी असेल तर वाचक पहिला प्रश्न हाच विचारेल की सोमराय तिकडे का जात नाही. दोन रस्ते आहेत, एक तर अशी सोय ठेवूच नकोस, किंवा ठेव आणि त्याला उत्तर असं मिळू दे की निर्णय पुन्हा त्याच्याच गळ्यात येईल. देवाने हो म्हटलं म्हणून मुकुट घेतला असं मात्र करू नकोस, तिथे तो निर्णय त्याचा राहत नाही आणि इतकी सगळी मांडणी फुकट जाते.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस आणि तिच्यावाचून माझं वरचं उत्तर अर्धं लटकतंय. मेलेल्या भावाला मूल आहे का? बंडवाले मुकुट घराण्याला देतायत असं धरलं तर पहिला हक्क त्या मुलाचा, काकाचा नाही. 1689 मध्ये संभाजीराजे पकडले गेले तेव्हा रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं, म्हणजे त्यांना गादीवर बसवलं, कारण लढायला मोठा माणूस हवा होता आणि शाहू लहान होता. तेव्हा ते बरोबरच होतं, पण पुढे 1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ताराराणींच्या बाजूने निघालेले धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंकडे गेले, आणि एकाच घराच्या दोन गाद्या झाल्या. सगळे आपापल्या परीने इमानीच होते. तेव्हा पुतण्या असेल तर सोमरायने मुकुट त्याच्या नावाने, तो मोठा होईपर्यंत, असा घ्यावा हे त्याच्या स्वभावाला धरून होईल, आणि मग तुझा दुसरा भाग आपोआप तयार आहे कारण मुलं मोठी होतात. पुतण्या नसेल तर वहिनीकडे बघ, ती काय म्हणते याचा एक पूर्ण प्रवेश हवा आणि तो सरदारांच्या प्रवेशाच्या आधी हवा. मुलाचं आणि वहिनीचं काय ते कळव, जमलं तर नकाराचं प्रकरणही इथेच टाक, वाचून सांगते.